मेंढीपालन शिकायचंय? मग अश्विन-कार्तिकात या

मेंढीपालन करायचं ठरलं की बरेच जण आधी शेडचा नकाशा काढतात, मग अनुदानाची चौकशी करतात आणि मेंढी सगळ्यात शेवटी बघतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी कुणाच्या तरी कळपामागं फिरा, आणि फिरायचंच तर घटस्थापना ते कार्तिकी एकादशी हे दिवस निवडा. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. त्यामुळं परतीच्या पावसाचा चिखल, ऑक्टोबरचं ऊन, वेताचा हंगाम, कातरणी आणि रब्बीची पेरणी हे सगळं या दिवसांत एकदम अंगावर येतं. सांगोला तालुक्यात चाळीसेक मेंढ्या असलेल्या एका घरी राहून मी हे काम शिकले. घरातले आबा आणि आक्का हेच माझे मास्तर.

पहिली शिकवण म्हणजे सकाळी घाई नको. गवतावर दहिवर असतं तोवर कळप सोडायचा नाही, कारण ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. ऊन चढेपर्यंतचा वेळ बघण्यात घालवायचा. आबा वाघरीला, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीला, एक मेंढी जाईल एवढीच वाट ठेवतात आणि कडेला उभारतात. मोजणी होते, पण नजर आकड्यावर नसते. कोण लंगडतंय, कोणाच्या शेपटीखालची लोकर बरबटली आहे, कोणाचं नाक वाहतंय, कोण मान खाली घालून मागं राहिलंय, हे तेवढ्यात टिपायचं. संशय आला तर डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर जंतांनी रक्त खाल्लंय. मेंढी दुखणं लपवते, त्यामुळं पडून राहिली तेव्हा कळलं म्हणजे उशीर झाला.

खुरांचं दुखणं या दिवसांत हमखास. आबा म्हणायचे, "बकरं लंगडलं की त्याच दिवशी खूर बघायचा. उद्यावर ढकललं की चार लंगडत्यात." वाढलेलं खूर बेतानं कापून, खूरसांधा स्वच्छ करून 5 टक्के मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या चालवायच्या. त्याआधी त्यांना पोटभर साधं पाणी पाजा. तहानलेली मेंढी मोरचुदाचं पाणी पिते आणि तांब्याची विषबाधा मेंढीला फार लवकर होते. लंगडण्याबरोबर ताप, सुजलेलं तोंड आणि तोंडात व्रण दिसले तर मात्र नीलजिव्हेची शंका घ्या. चिलटांमार्फत पसरणारा हा रोग पावसाळ्याच्या शेवटाला डोकं काढतो. तिथं घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

चारण्याच्या वाटेवर सगळ्यात मोठी भीती ज्वारीची. या भागात मालदांडी पेरली जाते आणि ऑक्टोबरात रानोरान हिरवी, कोवळी पोंग्याची ज्वारी डोलत असते. तेच पोंगे मेंढीनं खाल्ले तर किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते. धाप, तोंडाला फेस, लटपटणं, आणि काही मिनिटांत जनावर जातं. शिरेतून द्यायचं औषध आहे, पण डॉक्टर पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. म्हणून उपाशी कळप ज्वारीच्या बांधानं कधीच नेऊ नका. आधी माळावर पोट भरू द्या.

दुपारी मेंढ्या सावलीला एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभारतात. तेव्हा हाकायचं नाही. तो वेळ रवंथाचा, आणि तुमच्या भाकरीचाही.

आता वेत. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, त्यामुळं मे-जूनमध्ये लागलेल्या मेंढ्या दसरा-दिवाळीत वितात. शेवटचा दीड महिना आक्का त्यांना चाऱ्याशिवाय रोज 200 ते 250 ग्रॅम मक्याचा भरडा आणि थोडी शेंगदाणा पेंड घालतात. वितेवेळी मेंढी कळपातून बाजूला होते, पायानं जमीन उकरते. पाणमोट फुटल्यावर पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं की हात लावायचा नाही. तासाभरानंही पुढं सरकत नसेल तरच जाणत्या माणसानं हात घालावा. कोकरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा आणि ते आईच्या तोंडापुढं ठेवायचं. आपण पुसून कोरडं करायचं नाही. चाटताना आई वास ओळखते, आणि ती ओळख व्हायची राहिली तर पुढं कोकराला सडाला लागू देत नाही. नाळेला आयोडीन लावायचं, दोन्ही सडांतली पहिली धार पिळून टाकायची आणि तासाभरात चीक पाजायचा. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात 300 मिलिलिटर तरी चीक गेला पाहिजे. "पोट हाताला लागलं पायजे," म्हणत आक्का प्रत्येक कोकराच्या कुशीखाली तळवा लावून बघायच्या आणि मगच ते डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकायच्या. थंडी, कुत्री, कोल्हा, सगळ्यांपासून ते डालगंच राखतं.

कातरणी पाऊस उघडल्यावर, थंडी पडायच्या आत. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला जेमतेम अर्धा किलो, जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. त्यावर पैसा होईल असं धरू नका. गाभ मोठा झालेली मेंढी मात्र कातरायला आडवी पाडू नका. खरा जोडधंदा लेंडीखताचा. सांगोल्याचे डाळिंबवाले आपणहून विचारत येतात. रब्बीच्या पेरणीआधी रानात खतासाठी कळप बसवायला बोलावणारेही असतात. त्याचा मोबदला आधी ठरवून घ्या.

दिवाळीच्या अमावस्येला मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. कामाला राहिलात तर कळपाची सोय लावून नक्की जा. एवढे जाणते मेंढपाळ एका ठिकाणी दुसरीकडं भेटणं अवघड, आणि विचारलं की ते मोकळेपणानं सांगतात.

पैशाचं थोडक्यात. धनगर समाजातल्यांसाठी राज्य सरकारच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात सुरुवातच 100 माद्या आणि 5 नरांपासून होते. नवख्यानं त्या मोठ्या गटाच्या मागं लागू नये असं माझं ठाम मत आहे. वीसमध्ये प्रत्येक मेंढी चेहऱ्यानं ओळखता येते. सांगोला तालुक्यातच महूदला मेंढी महामंडळाचा फार्म आहे, तो बघून घ्या.

खरेदीला सांगोल्याचा रविवारचा बाजार. सकाळी लवकर पोचा. दख्खनी काटक असते, तर जत भागातली फुगीर नाकाची माडग्याळ उंच आणि वजनाला भारी, पण तिला चारा लागतो. दोन ते चार दाती, म्हणजे तेवढे पक्के दात आलेली, मेंढी घ्या, तोंड स्वतः उघडून बघा, कास दोन्ही बाजूंनी दाबून गाठ नाही याची खात्री करा आणि थोडं चालवून बघा. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा. जंताचं औषध आणि लसी या काळात उरकून घ्या, मगच कळपात सोडा.