ट्रेकला माणूस जिवानिशी गेला, तर वहीत 'आपत्ती' कधी लिहायचं

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ग्रुपची वही मी पुढच्या माणसाकडे सोपवतोय. अठरा वर्षं ती नौपाड्यातल्या माझ्या कपाटात होती, आता गुडघे कुरकुरतात. आजूबाजूच्या डोंगरांत, धबधब्यांवर कुणी दगावलं की तिच्यात नोंद होते. तारीख, जागा, पाऊस हे रकाने कुणीही भरेल. घोळ होतो तो 'आपत्ती' या एका शब्दावर.

पहिलं म्हणजे त्याच दिवशी लिहू नका. व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत आकडा तीनदा बदलतो. दोन दिवस जाऊ द्या, मग वाडीतल्या ज्या पोरांनी बॉडी वर काढली त्यांना फोन करा. पोलीस पाटलाला नंतर. पोरांना विचारा: पाणी कधी चढलं, ओरडा कधी ऐकू आला, दोर कुणाचा होता. नुसतं "कसं झालं?" विचारलंत तर "नशीब, साहेब" एवढंच मिळेल.

मग डोकी मोजत बसू नका. पाचाच्या वर गेले की आपत्ती, असा हिशेब आमच्यात बरीच वर्षं चालला. कुठून आला देव जाणे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येत असा आकडाच नाही. हानी मोठी हवी आणि तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची हवी. शिवाय त्याच व्याख्येत अपघात आणि हलगर्जीही धरलेली आहे. म्हणजे आपत्ती म्हटलं की सगळे सुटले, असं नाही. म्हणून मी एका रकान्याचे दोन केले: 'आवाका' आणि 'कारण'. एक भरताना दुसऱ्याकडे बघायचं नाही.

इर्शाळवाडी घ्या. 19 जुलै 2023 ची रात्र, माणसं झोपेत, वरून दरड. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले. गाडीरस्ता नाही, जेसीबी चढेना, कुदळ-फावड्यांनी उपसा. मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी गेला. वाचवायला आलेलाही मोजायचा, हे तेव्हापासून. आवाक्याबाहेर, वादच नाही. त्या वाडीतूनच आपण इर्शाळगडाला जायचो, तेव्हा भटक्यांची वही म्हणून ती गाळायची नाही.

खारघरचा पांडवकडा, ऑगस्ट 2019. बंदी होती, चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. मी त्या रात्री 'आपत्ती' लिहिलं, आठवड्याने खोडलं. त्यांच्या घरांसाठी दुसरा शब्दच नाही, पण 'आवाका' बघितला तर वहीत ती दुर्घटना. आणि कारणात 'मस्ती', 'सेल्फीचा नाद' असलं काही लिहाल तर वही परत मागून घेईन. पाणी किती वेळात चढलं ते लिहा.

मेलेला कोण, यावरून शब्द हलवू नका. एव्हरेस्टवर मे 1996 च्या वादळात आठ जण गेले, ते सगळ्यांना तोंडपाठ. 18 एप्रिल 2014 ला त्याच एव्हरेस्टच्या वाटेवर, खुंबूच्या आइसफॉलवर हिमकडा कोसळून 16 नेपाळी गेले, दोर-शिड्या लावणारे, सामान वाहणारे. त्यांचं विचारा, आमचे सीनियरही गप्प. आपल्याच वहीत एका वाटाड्याची नोंद "एक स्थानिक" अशी आहे. अक्षर माझंच.

पान 41 वर आपल्या ग्रुपचा मुलगा आहे. लीडर माझा मित्र. मी लिहिलं 'नैसर्गिक आपत्ती'. खरं तर ओल्या कातळावरून दोर न लावता उतरवलं होतं. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याची आई घरी आली, वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली. "म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही?" एवढंच म्हणाली. चहाही घेतला नाही. ती गेल्यावर मी कारण बदललं, मित्र अजून बोलत नाही.

ते पान फाडू नका. व्हाइटनर कुठेच लावायचा नाही. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख.