कपाचं वजन लिहिलंत का? पेनच्या कांड्या ओतण्याआधीची तयारी

मे महिन्यात पाच कांड्या ओतल्या आणि पाचही फेकल्या. मेहुणा निवृत्त होणार होता. त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना निळ्या-सोनेरी रंगाची पेनं देतो, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. शेवटी चादर दिली. सोलापूरकराने चादर भेट द्यायची म्हणजे दुसरं काही जमलं नाही याची कबुलीच. आता दिवाळीनंतर पुन्हा बसणार आहे, म्हणून ही तयारी मुळात स्वतःसाठी लिहून काढतोय.

कांडी म्हणजे रेझिनचा (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकचा) चौकोनी तुकडा, जो लेथवर कातून पेन करतात आणि ज्याला सगळे ब्लँक म्हणतात. आमच्या पेठेत कांडी म्हटलं की लोकांना मागावरची कांडी आठवते, पण मला हाच शब्द बरा वाटतो.

सगळ्यात आधी, रेझिनची बाटली उघडण्याच्याही आधी, रिकाम्या कपाचं वजन करा आणि ते त्याच कपावर मार्करने लिहा. वहीत नको, मोबाइलमध्ये नको, कपावर. माझं सगळं पाणी इथेच मुरलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा थोडा वेळ हलला नाही की आपोआप बंद पडतो. मी कप ठेवला, शून्य केलं, २०० ग्रॅम रेझिन ओतलं, पुन्हा शून्य केलं आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा द्रव, ओतायला लागलो. बाटली मध्येच संपली. दुसरी कपाटात, तिचं बूच चिकटलेलं. ते पकडीने फिरवून परत येतो तर काटा झोपलेला. चालू केला, तर भरल्या कपासकट शून्य! आधी सदतीस वाचलं होतं की सत्तेचाळीस, काही केल्या आठवेना. शेजारी उभा मित्र म्हणाला, "ओत की बे अंदाजे, काय होतंय त्याला." ओतलं. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालं ते रबर. नख दाबलं की खळी पडायची आणि सावकाश भरून यायची. आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या, तरी तशाच.

इपॉक्सीत, म्हणजे माझ्या या रेझिनमध्ये, हार्डनर हा वरून घालायचा मसाला नसतो. रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडले जाऊन नवा पदार्थ तयार होतो. हार्डनर कमी पडला तर रेझिन एकटं उरतं, जास्त झाला तर हार्डनर मोकळा राहतो, आणि दोन्हीकडून कांडी बिघडते. "जरा जास्त घातला की लवकर घट्ट होईल" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. फायबरची कामं करणारे पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट (ते घट्ट करणारा द्रव) थोडं कमी-जास्त घालतात आणि त्यांचं चालून जातं. ती गोष्ट वेगळी. (त्या वाटेला गेलातच तर कोबाल्ट (त्या कामाला वेग देणारा द्रव) आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.)

तर रीत अशी. शून्य करायचं बटण विसरून जा. रिकामा काटा चालू करा, मग कप ठेवा. कप १४ ग्रॅमचा असेल तर कपावर १४ लिहा, त्याखाली २१४, त्याखाली ३१४. रेझिन २१४ पर्यंत, हार्डनर ३१४ पर्यंत. मध्ये काटा बंद पडला, फोन आला, बूच अडकलं, काहीही झालं तरी कप उचलायचा, रिकामा काटा पुन्हा चालू करायचा आणि कप परत ठेवायचा. आकडा जिथे होता तिथेच सापडतो. एवढंसं काम होतं. पाच कांड्या, तीनशे ग्रॅम माल आणि मेहुण्यासमोरची अब्रू एका मार्करपायी गेली.

हे २१४ आणि ३१४ माझ्या रेझिनचे आहेत, ज्याचं प्रमाण वजनाने २:१ आहे. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि ते वजनाने आहे की मापाने हेही वाचा. मापाने २:१ असलेल्या मालात हार्डनरचं वजन रेझिनच्या निम्म्यापेक्षा कमी भरतं, कारण तो रेझिनपेक्षा हलका असतो. कंपनी बहुतेक वेळा दोन्ही प्रमाणं देते, बारीक अक्षरात. चष्मा लावा.

साचा मी पांढऱ्या पॉलिथिलीनच्या चॉपिंग बोर्डाचा केला. पट्ट्या कापून स्क्रूने जोडल्या, कारण त्या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही आणि स्क्रू काढले की कांड्या सुटतात. सिलिकॉनचा विकत मिळतो, तोही चांगला. एक खण २० मिलिमीटर रुंद, तेवढाच खोल आणि १३५ लांब, म्हणजे ५४ घन सेंटिमीटर. इपॉक्सी पाण्यापेक्षा थोडं जड, त्यामुळे खणाला साठ ग्रॅम धरा, पाच खणांना तीनशे. साचा पाण्याने भरून मोजायची हुशारी करू नका, सांध्यात राहिलेला ओलावा नंतर छळतो. पट्टी आहे, गुणाकार येतो.

हवा. सोलापूरचा उन्हाळा या कामाचा वैरी आहे. बाटलीवर कामाचा वेळ चाळीस मिनिटं लिहिलेला असतो तो साधारण पंचवीस अंशांना. दर दहा अंशांना तो निम्मा होतो असा ढोबळ हिशेब धरा, म्हणजे मेच्या दुपारी चाळिशी ओलांडल्यावर पंधरा मिनिटंही हातात राहत नाहीत. शिवाय मिश्रण स्वतःच तापतं, आणि उंच कपात दाटीने असलं की जास्तच तापतं. कप हाताला गरम लागायला लागला तर ढवळत बसू नका, साच्यात ओता. धूर निघायला लागला तर ओतूही नका, उघड्यावर फरशीवर नेऊन ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे. जानेवारीच्या थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, उलटी तऱ्हा. रेझिन काकवीसारखं घट्ट होतं आणि बुडबुडे वर यायचं नाव घेत नाहीत. तेव्हा बंद बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि उघडण्याआधी पुसून कोरडी करा. पावसाळ्यात वर तेलकट थर येतो, तो कातताना निघून जातो.

जागा. जुन्या घरांतली शहाबादी फरशी मोरीकडे उतरती असते, पाणी जावं म्हणून. डोळ्याला दिसत नाही, साच्याला कळतं. एका टोकाला कांडी चार मिलिमीटर बारीक निघाली की पेनची पितळी नळी बसवायचं भोक बाजूला फुटू शकतं. लेव्हलची बाटली ठेवा, खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारा. शेजारी माग चालू असतील तर काट्यावरचा शेवटचा आकडा नाचत राहतो. माग थांबल्यावर तोला, नाहीतर काटा दुसऱ्या भिंतीकडे न्या. आणि टॉवेलने काहीही पुसू नका. इथे टॉवेल घरोघरी मिळतात हे खरं, पण त्यांचा तूस स्वच्छ रेझिनमध्ये असा दिसतो की जणू केस पडलाय. कागद वापरा, साच्यावर खोकं पालथं घाला.

हातमोजे नायट्रिलचे. दोन जोड्या, कारण एक नक्की फाटते. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्मभर सोडत नाही, म्हणून हाताला लागलं तर साबण-पाणी. थिनर नको, त्याने ते आणखी आत जातं. खिडकी उघडी ठेवा. वापरलेला कप-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. काटा नेता येतो, पिशवीत गुंडाळून वापरला असेल तर. आमच्याकडे यावरून बोलणी खाऊन झाली आहेत.

रंग. मायका पावडर (चमकदार रंगीत अभ्रकाची पूड) शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम पुरते. रांगोळीचा रंग तळाला बसतो. पोस्टर कलरमध्ये पाणी असतं, म्हणून तोही बाद. लहान कपांत पावडर आधीच काढून ठेवा, कारण मिश्रण तयार झाल्यावर डब्यांची झाकणं उघडायला वेळ नसतो. क्रम असा: मोठ्या कपात रेझिन (२१४), हार्डनर (३१४), तीन-चार मिनिटं सावकाश ढवळणं, कडा आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळणं, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं काहीतरी चिकटलेलं असतंच. मग रंगांचे वाटे. रंग आधी घातला तर वजनाचा हिशेब बिघडतो, म्हणून रंग नंतर. कपाचं वजन लिहिलंय ना? पुन्हा विचारतोय, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

दोन रंगांच्या लहरी हव्या असतील तर लगेच ओतू नका. पातळ असताना निळं आणि सोनेरी एकमेकांत विरघळून शेवाळी चिखल होतो. चमच्यावरून धार तुटेनाशी झाली, मधासारखी लोंबायला लागली, की ओता. खणात काडी एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो, तेव्हा काडी टाकून द्या.

बाभळीचा किंवा चिंचेचा तुकडा आत घालणार असाल तर लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, नाहीतर त्यातून बुडबुडे येत राहतात. आणि ते तरंगतं! आधी खणाच्या तळाला गोंदाने चिकटवा. लाकडाने जागा खाल्ली की माल कमी लागतो, म्हणजे कपावरचे आकडे नवे.

बुडबुड्यांवर खरा इलाज म्हणजे दाबाचं भांडं. साचा आत ठेवून कॉम्प्रेसरने ४० ते ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरायची आणि घट्ट होईपर्यंत तशीच राहू द्यायची, म्हणजे बुडबुडे दाबून दिसेनासे होतात. भांडं रंगकामाचं, त्यावर किती दाबाला चालतं ती पट्टी असलेलं. घरचा प्रेशर कुकर अजिबात नाही. कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला उडते, त्यात हवा भरायचा विचार करणाऱ्याने आधी घरच्यांना बाहेर पाठवावं आणि मग स्वतःही जावं. साचा भांड्यात मावतो का ते रिकामा असतानाच बघा. भांडं नसेल तर सावकाश घट्ट होणारं रेझिन घ्या आणि वरून हीट गनचा गरम हवेचा झोत एकदा फिरवा, तेवढ्यावर भागतं.

पुढचं थोडक्यात, हात दुखायला लागला. चोवीस तासांनी साचा सोडा, पण भोक पाडायला निदान तीन दिवस थांबा. नख लावून बघा, खळी पडली तर पुढे जाऊ नका. ७ मिलिमीटरचं ड्रिल, वेग कमी, सारखं बाहेर काढून भुगा झाडायचा, नाहीतर आतून वितळतं. शेवटच्या टोकाला कांडी फुटते म्हणून ती लांब ठेवा आणि भोक पडल्यावर कापा. रंग पारदर्शक असेल तर पितळी नळी आतून दिसते, भोकाला आतून रंग लावा. नळी सॅंडपेपरने खरबडवून चिकटवा. धारदार पटाशी, काततानाचा कीस रिबिनीसारखा निघाला पाहिजे. मास्क. ओला सॅंडपेपर, बारीक होत जाणारा, मग पॉलिश.

उरलेला कप फेकू नका. प्लास्टिकचा असेल तर आतलं घट्ट झालेलं रेझिन पिळल्यावर सुटून येतं आणि कप पुन्हा चालतो. पण तळाला थोडं राहतंच, तेव्हा जुना १४ खोडा आणि पुन्हा तोलून नवा आकडा लिहा.