टीचिंग फिलॉसॉफी लिहायचीय? आधी एक तास आठवा

इंटरनॅशनल स्कूलला अर्ज करा नाहीतर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीला, बऱ्याच ठिकाणी टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट मागतात, म्हणजे आपण कसं शिकवतो आणि का, हे सांगणारं छोटं टिपण, आणि आपण बीएडच्या जुन्या नोट्स काढून बसतो. मग "सर्वांगीण विकास", "विद्यार्थीकेंद्री शिक्षण" सुरू होतं, जे कुणाच्याही अर्जात चिकटवलं तरी खपून जातं. वाचणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

माझं सांगते. पाचवीच्या वर्गात विचारलं, १/३ मोठा की १/४? निम्म्याहून जास्त हात १/४ ला वर, कारण काय तर ४ मोठा ना! अंश सारखा असेल तर छेद मोठा तो अपूर्णांक लहान, हा नियम फळ्यावर लिहून मोकळी झाले असते, पण दुसऱ्या दिवशी डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या नेल्या, एकीचे तीन सारखे तुकडे केले, दुसरीचे चार, आणि विचारलं की सडकून भूक लागलीय तर कुठला तुकडा उचलाल? मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, वाटेकरी वाढले की वाटा कमी होतो." माझं स्टेटमेंट तिथूनच सुरू होतं.

तर तुम्ही पण आधी तीन तास लिहून काढा. एक जमलेला, एक पार फसलेला, आणि एक ज्याच्यानंतर तुम्ही शिकवायची पद्धत बदललीत. प्रत्येकाखाली "मी असं का केलं?" याचं उत्तर पाच-सहा ओळीत, लिहायला सुचत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा. तिन्हीकडे जे परत परत येतंय ना, तीच तुमची फिलॉसॉफी.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडचं काम बघा. आदिवासी मुलं गुरं चारायला जायची, शाळेत येणं शक्य नव्हतं, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. त्या एका गोष्टीतून त्यांचा सगळा विचार कळतो.

मग मांडणी. मूल कसं शिकतं असं तुम्हाला वाटतं, त्यासाठी वर्गात नेमकं काय करता, आणि जमलं हे कशावरून कळतं. हे तिसरंच लोक विसरतात! वह्यांमधल्या चुका कशा बदलल्या, तास संपताना चिठ्ठीवर काय लिहून घेता, मुलं आता कुठले प्रश्न विचारतात, हे सगळं त्यात येऊ द्या. पियाजे, वायगॉट्स्की अशा, मूल कसं शिकतं याचे सिद्धांत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची नावं त्यांचं म्हणणं वर्गात खरंच वापरलं असेल तरच घाला.

लांबी एक ते दोन पानं, "मी" म्हणूनच लिहा, आणि तुमचा विषय न शिकवणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, अडखळले तिथे वाक्य सोपं करा.

आणि फाईल दरवर्षी उघडा. मागच्या जूनमध्ये मी गृहपाठाचा अख्खा परिच्छेद काढला, कारण तसा गृहपाठ मी आता देतच नाही.