गल्ली सहा मीटरची, वाडा नऊ मीटरचा: इमारतींसाठी वाइड लेन्स निवडताना

दुकानात वाइड लेन्स मागितली की ‘जितकी वाइड तितकी चांगली’ या हिशेबाने १४ किंवा १६ मिलिमीटरची लेन्स पुढे येते. डोंगर-समुद्राच्या फोटोंना ते चालून जातं. इमारतीसमोर मात्र कॅमेऱ्याचं तोंड जरा वर केलं की भिंती मागे कलतात आणि मनोरा निमुळता होतो, कारण सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रतिमा टिपणारी पट्टी) दर्शनी भिंतीला समांतर राहत नाही. भिंती उभ्या हव्या असतील तर कॅमेरा ओळंब्यात, म्हणजे वर-खाली न झुकवता, हवा. तो ओळंब्यात आला की क्षितिज फ्रेमच्या बरोबर मध्यावर येतं. मग खालची अर्धी फ्रेम रस्ता, गवत आणि लावलेल्या स्कूटरींत जाते, आणि इमारतीसाठी वरची अर्धी उरते. लेन्सचा हिशेब या अर्ध्या फ्रेमवर करायचा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो. कॅमेरा उभा धरला तर मध्याच्या वर १८ मिमी मिळतात, आडवा धरला तर १२. या आकड्याला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने (तो जितका लहान तितकी लेन्स वाइड), भागा, इमारतीपर्यंतच्या अंतराने गुणा आणि त्यात कॅमेऱ्याची उंची, म्हणजे ट्रायपॉडवर साधारण दीड मीटर, मिळवा. तेवढी उंची फ्रेममध्ये मावते. रुंदीसाठी सेन्सरची आडवी बाजू पूर्ण घ्या. क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर आधी फोकल लेंग्थला दीडने गुणा (कॅननला १.६ने, मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरला २ने) आणि मग हेच गणित वापरा. मायक्रो फोर थर्ड्सची फ्रेम ४:३ असल्याने तिथे उत्तर थोडं ढोबळ येईल.

मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. २४ मिमी लेन्स, कॅमेरा उभा: ८३.५ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे १११ मीटर मागे जावं लागेल. समोर ओव्हल मैदान असल्याने तेवढं मागे जाता येतं. इथे १४ मिमीवर पैसे घालायचं कारण नाही. अडचण एवढीच की खालचं गवत कापून टाकलं की २४ मेगापिक्सेलच्या फोटोतले जेमतेम १२ उरतात.

आता पेठेतला वाडा घ्या. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून लेन्सपासून वाड्यापर्यंत ६ मीटर मिळाले, आणि वाडा ९ मीटर उंच आहे. उभ्या कॅमेऱ्यावर २४ मिमीत ६ मीटर उंची मावते, १६ मिमीत सव्वाआठ आणि १४ मिमीत ९.२. म्हणजे १४ने कसाबसा बसतो, पण रुंदी सव्वादहा मीटरच येते. लांबलचक दर्शनी भाग असेल तर दोन-तीन फोटो जोडण्याची तयारी ठेवा.

अशा जागी शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, आपली किंमत वसूल करते. तिचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स आत पाडते ती गोल प्रतिमा, सेन्सरपेक्षा बरंच मोठं असतं. कॅननच्या टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल टूचं ते ६७.२ मिमी आहे, तर फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी असतो. त्यामुळे कॅमेरा ओळंब्यातच ठेवून लेन्स १२ मिमी वर सरकवता येते. १८चे ३० होतात, आडव्या फ्रेमला १२चे २४. राजाबाई टॉवरसाठी १११ऐवजी ६७ मीटर पुरतात. वाड्यासमोर टीएस-ई १७ मिमी एफ/४ आडवी धरून पूर्ण शिफ्ट केली तर जवळजवळ १० मीटर उंची आणि पावणेतेरा मीटर रुंदी एकाच फोटोत येते. १४ मिमीच्या साध्या लेन्सने हे जमत नाही. निकॉनची १९ मिमी एफ/४ पीसी आणि लाओवाची १५ मिमी एफ/४.५ शिफ्ट याच कुळातल्या. या सगळ्या हातानेच फोकस करायच्या. डीएसएलआरवर एक्स्पोजर शिफ्ट करण्याआधी मोजून मॅन्युअलवर ठेवा, कारण लेन्स सरकली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चुकतो.

तरीही शिफ्ट लेन्स घेतली म्हणजे सगळं सुटलं असं समजू नका. सपाट सेन्सरवर मध्यापासून दूर गेलेली वस्तू ताणली जाते. हा लेन्सचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. २४ मिमीच्या आडव्या फ्रेमच्या कडेला गोल वस्तू १.२५ पट लांबट दिसते, १४ मिमीला १.६ पट. आणि २४ मिमी उभी धरून पूर्ण वर सरकवली की वरच्या टोकालाही तेच १.६ येतं. घुमट अंड्यासारखा आणि कळस उगाच उंच दिसतो तो यामुळे. उपाय मागे सरकण्याचा. तेही जमत नसेल तर भिंती किंचित आत झुकू द्या. वर पाहताना डोळ्यालाही त्या तशाच दिसतात, आणि मोजूनमापून सरळ केलेला उंच मनोरा उलट वर रुंदावल्यासारखा भासतो.

शिफ्ट लेन्सचं बजेट नसेल तर चांगली वाइड झूम घ्या. फुल फ्रेमवर एफ/४ची १६-३५ किंवा १४-३०, क्रॉपवर कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२०. जास्त उजेड आत घेणाऱ्या एफ/२.८साठी जास्त पैसे आणि वजन कशाला? इमारत हलत नाही. ट्रायपॉडवर ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/८ ते एफ/११ लावायचं, त्यापुढे छिद्र फार लहान होऊन डिफ्रॅक्शनने, म्हणजे उजेड पसरल्याने, बारकावे मऊ पडतात. (पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच काढा.) कॅमेरा थोडा कलवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये भिंती सरळ करता येतात. पण तसं करताना बाजूंचे त्रिकोण कापले जातात आणि वरचा भाग ताणला जाऊन तपशील पातळ होतो. त्यामुळे टिपतानाच दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडा. सरळ रेषा वाकवणारी फिशआय लेन्स या कामाची नाही.

दुकानात दोन चाचण्या कराच. पहिली, सरळ रेषेची. फरशीची किंवा फडताळाची कड फ्रेमच्या लांब बाजूलगत ठेवून सर्वांत वाइड टोकाला फोटो घ्या. बाहेर फुगलेली रेषा सॉफ्टवेअर सहज सरळ करतं. मिशीसारखी वळणं असली तर एका स्लायडरने भागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं तयार प्रोफाइलच (तिच्या दोषांची नोंद) लागतं. मिररलेस कॅमेरे ही दुरुस्ती गुपचूप करून दाखवतात, म्हणून सेटिंगमध्ये ती बंद करता येत असेल तर बंद करून पाहा. दुसरी चाचणी विटांच्या भिंतीची. कॅमेरा भिंतीला समांतर, एफ/८, आणि चारही कोपरे पूर्ण मोठे करून तुलना. चारही सारखे मऊ असतील तर लेन्सची कुवतच तेवढी. एकच कोपरा गेलेला असेल तर भिंग सरकलेलं आहे, ती प्रत परत करा.

फिल्टरचंही आधी बघा. टीएस-ई १७चं पुढचं भिंग फुगीर आहे, त्यावर साधा फिल्टर बसत नाही. काचेच्या इमारतींचं प्रतिबिंब कमी करायला पोलरायझर फिल्टर हवा असेल तर हा मुद्दा मोठा. मात्र २४ मिमीपेक्षा वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळं आभाळ एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं येतं.

जुनी शिफ्ट लेन्स घेताना सरकवायचा स्क्रू घट्ट करून कॅमेरा उभा धरा. लेन्स आपल्या वजनाने खाली घसरत असेल तर सोडून द्या. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत बुरशीचा धोका मोठा. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. घरी आणलेली लेन्स चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की जेल वाळवून परत घाला.