नगरपरिषदेला मत देताना: किती मते, कुणाला आणि कशी

नगरपरिषदेच्या मतदानात एकच बटण दाबून काम होत नाही. हे यंत्रापुढे उभे राहिल्यावर कळले की माणूस गांगरतो, म्हणून तयारी घरूनच करून जा.

आधी यादी. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच मतदार यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो, स्वतः नवी नावे घालत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणीला धावलात तर उशीर झालेला असतो. मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 6, आत्ताच भरून टाका. पुढे प्रारूप प्रभागयादी लागली की घरातल्या सगळ्यांची नावे तपासा. चुकून शेजारच्या प्रभागात गेलेले नाव मुदतीत हरकत घेऊन परत आणता येते.

मग प्रभागात जागा किती, ते पाहा. नगरपरिषदेत सहसा दोन, एखाद्या प्रभागात तीन. त्यांना 'अ', 'ब' अशी अक्षरे असतात. प्रत्येक जागेला एक मत आणि नगराध्यक्षाला वेगळे एक, म्हणजे एकूण तीन किंवा चार. नगरपंचायतीत प्रभागाचा नगरसेवक एकच, म्हणून मते दोन. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2016 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नका.

आरक्षणाबद्दल गैरसमज फार. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, पण अट उमेदवाराला आहे, मतदाराला नाही. राखीव जागेलाही प्रभागातल्या प्रत्येकाने मत द्यायचे असते.

यंत्रावर एकेका जागेचे बटण क्रमाने दाबा. एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' निवडा, पण जागा मोकळी सोडू नका. सगळी मते दिल्यावर लांब आवाज येतो, तोवर हलू नका.

निकालानंतर उपाध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जातो. स्वीकृत सदस्य, म्हणजे मतदानाने न निवडता नेमलेले सदस्य, सभेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. प्रशासन मात्र शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या हाती असते. म्हणून नळाला पाणी नसेल तर नगरसेवकाला नुसता फोन करून थांबू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि तीच प्रत नगरसेवकाच्या हाती द्या.