६० दिवसांचा होम वर्कआउट आणि कडक डाएट: पहिल्या पंधरवड्यातल्या या चुका टाळा

माझा पहिला ६० दिवसांचा वर्कआउट नवव्या दिवशी संपला. पहिल्या दिवशी मी व्हिडिओतल्या माणसाबरोबर शेवटपर्यंत टिकलो आणि स्वतःवर भलताच खूश झालो. तिसऱ्या दिवशी कठडा धरून आडव्या पावलांनी जिना उतरत होतो. सहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी आली. नवव्या दिवशी पावणेसहाचा अलार्म बंद केला आणि कूस बदलली. पुढे आठवडाभराने आईने ओट्सचा डबा हातात घेऊन विचारलं, "हे पाखरांना घालू का?"

तोच कार्यक्रम दुसऱ्या खेपेला मी पुरा केला, पण ९५ दिवसांत. कार्यक्रमात काही वाईट नव्हतं, आणि माझ्या जिद्दीतही फार खोट नव्हती. घोळ सगळा सुरुवातीच्या पंधरा दिवसांत होता. सोसायटीत आणि ऑफिसात आता जे कोणी "मी पण सुरू केलंय" म्हणत येतात, तेही त्याच पंधरा दिवसांत अडकतात.

एकाच सोमवारी सगळं सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटी जन्माला येतात. सोमवारपासून व्यायाम, सोमवारपासून भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि सोमवारपासूनच पहाटे उठणं. रात्री झोपायची वेळ मात्र तीच, साडेबारा. म्हणजे शरीराकडून दुप्पट काम घ्यायचं, पगार निम्मा करायचा आणि सुट्टीही कापायची.

मग चक्कर आली की कळत नाही कशाने आली. कमी खाल्ल्याने, कमी झोपेने की जास्त उड्या मारल्याने? तीन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड शोधता येत नाही. घरातली वीज गेली की आपण एकेक बटण बंद करून बघतो, इथेही तेच करायचं. पहिले दोन आठवडे फक्त व्यायाम, जेवण नेहमीचंच. तिसऱ्या आठवड्यापासून ताटात बदल, तोही थोडा. रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो चरबी उतरते. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी, हिशेब करून बघा. ८०० कॅलरींवर राहून रोज पाऊण तास घाम गाळणाऱ्याचं वजन उतरतं खरं, पण त्यात स्नायूही जातात. शिवाय चिडचिड इतकी वाढते की घरचेच म्हणतात, बाबा रे, जेव.

इथे एक खास मराठी गोंधळ सांगायला हवा. २०१८च्या सुमारास घराघरांत दीक्षित की दिवेकर हा वाद रंगला होता, आणि त्याचे अवशेष अजून आपल्या डोक्यात आहेत. दोन वेळाच जेवायचं हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांकडून घ्यायचं, घरचं, गावचं, तूप लावून खायचं हे ऋजुता दिवेकरांकडून घ्यायचं, आणि व्यायाम अमेरिकेतल्या कुठल्याशा व्हिडिओतून. दीक्षितांच्या योजनेत दोन जेवणांच्या जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं आहे, बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे आणि पुन्हा उभं राहायचं तो व्यायाम) नाहीत. कुठलीही एक पद्धत धरा. तीन पद्धतींची अर्धी अर्धी पानं शिवून चौथी वही करू नका.

व्हिडिओचा पहिला दिवस हा तुमचा पहिला दिवस नसतो

पी९०एक्स किंवा इन्सॅनिटी यांसारख्या गाजलेल्या कार्यक्रमांत आधी फिट टेस्ट द्यायला सांगितलेली असते, आणि अधूनमधून अख्खा आठवडा हलक्या व्यायामाचा असतो. आपण ती टेस्ट गाळतो आणि हलका आठवडा 'वेळ वाया' म्हणून उडवतो. हे कार्यक्रम बहुतेक करून आधीच थोडंफार चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि दोन तास गाडीवर बसणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नसतो.

'चार मिनिटांचा तबाता' हेच बघा. इझुमी तबाता यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला जपानमधला प्रयोग तरुण, व्यायामाची सवय असलेल्या मुलांवर झाला होता, तोही जागेवरच्या सायकलवर. २० सेकंद जीव तोडून पेडल, १० सेकंद विश्रांती. हॉलमध्ये टीपॉय सरकवून उड्या मारणं वेगळं. बर्पीची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या माणसाने ती अंगातली ताकद जोखायची चाचणी म्हणून काढली. चार वेळा करायची आणि आधीचे-नंतरचे हृदयाचे ठोके मोजायचे, एवढंच. मूळची परीक्षा आपण रोजचा अभ्यास करून टाकली, आणि पहिल्याच दिवशी पन्नास मारून बसतो.

मग करायचं काय? पहिले दोन आठवडे व्हिडिओच्या निम्मं. तो ४० मिनिटांचा असेल तर २० मिनिटांनी बंद करा. त्याने २० स्क्वॉट मारले तर तुम्ही १०. उडी असेल तिथे उडीऐवजी पाऊल टाका. आठवड्यातले सहा दिवस सांगितले असतील तर चार करा. व्यायाम चालू असताना तुटक का होईना, एखादं छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेका शब्दाला धाप लागत असेल तर वेग उतरवा. तालमीतही नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला लावत नाहीत, आणि तिथे तर समोर वस्ताद उभा असतो. व्हिडिओतला माणूस तुमचा चेहरा पाहू शकत नाही. तो "कम ऑन" म्हणतो ते कॅमेऱ्याला.

अंग आंबणं वेगळं, चमक वेगळी

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आणि दुखणं ओळखायला तेवढे पुरतात.

अंग आंबतं तेव्हा दुखणं मांडीत, दंडात, पोटऱ्यांत पसरलेलं असतं, दोन्ही बाजूंना सारखं. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग ओसरतं. हे लॅक्टिक ॲसिड साठल्याने होतं असं जिमपासून पानटपरीपर्यंत सगळे सांगतात. पण ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. खरं कारण असं की सवय नसलेल्या ताणाने, विशेषतः खाली बसताना किंवा शरीर सावकाश खाली नेताना, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि त्या भरून येताना सूज येते. म्हणूनच जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त बोंब होते. यावर उपाय म्हणजे चालणं, हलकं हालचालीत राहणं आणि पोटभर झोप. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की दुखणं बरंच कमी झालेलं असतं. दिवाणावर दोन दिवस पडून राहिलात तर अंग आणखी आखडतं.

चमक म्हणजे एका जागी, एका बाजूला, सुई टोचल्यासारखी. गुडघ्याच्या वाटीशी, खांद्याच्या सांध्यात, कमरेत. ती व्यायाम चालू असतानाच येते. ती आली की तो व्यायामप्रकार त्या दिवसापुरता बंद. 'सहन करून पुढे गेलो की मोकळं होईल' असं सांध्याच्या बाबतीत होत नाही. दोन आठवडे ती हटली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक तिसरा प्रकार, क्वचित होणारा पण धोक्याचा. चॅलेंज म्हणून पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारल्या, मांड्या टणक सुजल्या, पाय दुमडता येईना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर घरगुती शेक-लेप करत बसू नका. स्नायूंची मोडतोड होऊन त्यातले घटक रक्तात उतरलेले असतात आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

भात बंद केला, पण ताटात राहिलं काय?

डाएट म्हणजे काय काढायचं याची यादी आपल्याला पाठ असते. काय घालायचं हे कोणी विचारत नाही. मी एकदा माझ्या नेहमीच्या दिवसाचा हिशेब मांडला होता. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी, पातळ आमटी, थोडा भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पुन्हा तेच. प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅम. माझं वजन तेव्हा ७८ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसालाही किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे मला ६५. जोरदार व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ पर्यंत सांगतात. म्हणजे आधीच खड्डा होता, त्यात मी रात्रीचं जेवण बंद केलं होतं.

भरपाईला पावडरच लागते असं नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७-८, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये १५. मटकीची, मुगाची उसळ रोज एका जेवणात घट्ट आणि मोठी वाटी, आमटीऐवजी घट्ट वरण, जेवणात दही. भात थोडा खाल्ला तरी चालतो. भाताने कोणाचं वाकडं केलेलं नाही, त्याच्यावर उगाच सगळा राग निघतो.

खरा चोर कढईत असतो. एक लिटर तेल म्हणजे साधारण ८,२०० कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास जोरात व्यायाम करून २५०-३०० कॅलरी जाळतो. आता सांगा, आधी कशाला हात घालायचा? पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा. घरात कोणाशी वाद न घालता आकडा समोर येतो.

उपवासाच्या दिवशी हा प्रश्न जास्तच बोचरा होतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा नाही. चतुर्थीला दिवसभर खिचडी आणि संध्याकाळी उड्यांचा व्हिडिओ हे जमवू नका. त्या दिवशी चालायला जा, ताटात दही, दूध, दाण्याची आमटी आणि वऱ्याचे तांदूळ घ्या.

जिरेपाणी आणि मध-लिंबू यांनी चरबी वितळत नाही. आवडत असेल तर प्या.

वजनकाट्याशी रोजची भांडणं

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. शरीर साखर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी कमी केली की तो साठा आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं. रविवारी पुरणपोळी झाली की सोमवारी परत येतं. उलटही होतं. डाएट पाळूनही दुसऱ्या आठवड्यात काटा एक किलो वर जातो, कारण आंबलेल्या स्नायूंनी पाणी धरलेलं असतं. बायकांचं वजन पाळीच्या आधीही अंगात पाणी साठल्याने वाढतं. अशा वेळी घाबरून जेवण आणखी कापणं ही या विभागातली खरी चूक. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि महिन्याची तुलना करा. त्यापेक्षा पँटचा पट्टा बरा, तो पाण्याला फसत नाही. आणि डाएट सुरू केल्यावर पाळीच चुकू लागली, तर ते 'शरीर सरावतंय' नव्हे. खाणं फार कमी पडतंय. आहार वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

फरशी, बूट, खालच्या काकू

गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. मॅट घ्या. उड्या असतील तर बूट घाला, बाहेरचे नव्हे, वेगळे ठेवलेले. पंख्याखाली हात वर करून उडी मारण्याआधी एकदा वर बघा. आणि सकाळी सहाला उड्या मारायच्या आधी खालच्या मजल्यावर सांगून ठेवा. आमच्या खालच्या काकू चौथ्या दिवशी बेल वाजवून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुमच्याकडे पाटा-वरवंटा आणलाय का?"

सुरू करण्याआधी, आणि मध्येच थांबायचं तेव्हा

चाळिशी ओलांडली असेल आणि वर्षानुवर्षं व्यायाम नसेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी जोरदार व्यायाम केला तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर थांबून लगेच साखर खायची.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंडगार घाम, हे झालं तर व्हिडिओ बंद आणि थेट हॉस्पिटल. "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पिऊन अर्धा तास वाट बघायची आपल्याकडची पद्धत जीवघेणी आहे.

खाडे

लग्न, ताप, गावची जत्रा, ऑडिट, काहीतरी येणारच. चार-पाच दिवस बुडाले की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर बुडालेलं एका रविवारी भरून काढायला जातात आणि चमक घेऊन बसतात, नाहीतर 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणत पुढच्या एक तारखेची वाट बघतात. आठवड्याच्या आत परत आलात तर जिथे सोडलं तिथून, पण पहिल्या दिवशी निम्म्याने. दोन आठवडे गेले असतील तर एक आठवडा मागे जा. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर आधी दोन-तीन दिवस नुसतं चाला.

मी दुसऱ्या खेपेला हा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवला, जिथे आई दुधाचे खाडे लिहिते. तिसरा आठवडा तिथे तीनदा लिहिलेला आहे. महिनाअखेरीला आईने माझे सहा खाडे दुधाचे समजून गवळ्याकडून सहा दिवसांचे पैसे कापून घेतले. तो बिचारा दोन दिवस वाद घालत होता, शेवटी मलाच खाली जाऊन सांगावं लागलं.