पोरगं घडाघडा वाचतं पण अर्थ लागत नाही, तेव्हा काय करायचं

माझा भाचा सहावीत आहे, वाचतो एकदम सफाईने, जोडाक्षरालासुद्धा अडखळत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की याच्या वाचनाची काही काळजी नाही. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता तेव्हा एका उताऱ्यात वाक्य होतं, "बाबा रात्री दारं धरायला गेले आणि पहाटे परतले." खाली प्रश्न, बाबा रात्री कशासाठी गेले? यानं लिहिलं, "बाबा रात्री दारं धरायला गेले." उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. मी सहज विचारलं, अरे म्हणजे नक्की काय केलं त्यांनी? तर म्हणाला, "मावशी, दरवाजा धरून उभे राहिले असतील, वारा सुटला असेल ना."

आता यात त्याची काहीच चूक नाही, डोंबिवलीत वाढलेल्या मुलाला कुठून कळणार की दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. मी लगेच गावाला माझ्या बाबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि त्यांनी अर्धा तास सांगितलं की पाटातनं पाणी येतं, एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं दार बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं, आणि हे रात्री का, तर मोटरीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची असते म्हणून, मग थंडी असो, पायाखाली साप असो, बॅटरी घेऊन जावंच लागतं. भाचा गप्प बसून ऐकत होता. मग त्यानं तोच उतारा परत वाचला आणि स्वतःहून म्हणाला, म्हणून आई रात्रभर जागी होती होय. आई जागी होती हे उताऱ्यात दोन ओळी खाली होतं, पण का ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते त्यानं आता जोडलं.

वाचणं म्हणजे हे जोडणं, असं मला मनापासून वाटतं. कागदावर अर्धंच असतं, उरलेलं वाचणाऱ्यानं आणायचं असतं, आणि ते आणायची सवय लावता येते. आम्ही काय करतो ते सांगते, मुलांसाठी लिहितेय पण मोठ्यांनाही चालेल.

वाचायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बोला. शीर्षक बघायचं, चित्र बघायचं, यातलं आपल्याला काय माहितीये, काय असेल असं वाटतंय. हा वेळ वाया जातो असं कृपया समजू नका. १९७२ साली अमेरिकेत ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोघांनी एक प्रयोग केला होता, लोकांना एक उतारा ऐकवला, त्यात वस्तूंचे वेगवेगळे गठ्ठे करा, एका वेळी फार जास्त घेऊ नका असलं काहीतरी, शब्द सगळे सोपे पण कुणाला काही बोध होईना. विषय होता कपडे धुणे. ज्यांना हा विषय आधी सांगितला त्यांना उतारा समजला आणि लक्षातही राहिला, ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना काही उपयोग झाला नाही. म्हणजे माहिती आधीच डोक्यात हवी. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्लीनं बेसबॉलच्या मॅचचा उतारा शाळेतल्या मुलांना दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल नीट कळणारी मुलं ही वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तुमचं मूल धड्यात अडत असेल आणि क्रिकेटची बातमी मात्र एका दमात समजून घेत असेल तर त्याच्या बुद्धीवर शंका घेऊ नका, त्याला त्या धड्याच्या विषयाची ओळख करून द्या.

मग वाचताना मध्ये मध्ये थांबायचं, दर परिच्छेदाला एकच प्रश्न, "दिसलं का?" डोळ्यासमोर चित्र आलं का. आलं नाही तर कुठल्या शब्दापासून गेलं ते बोट ठेवून दाखवायचं. अवघड शब्द मुलं विचारतात हो, घोळ होतो तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांत, दार सोपं, धरणं सोपं, म्हणून तर त्याला विचारावंसं वाटलंच नाही. अशा वेळी मी चित्र काढायला लावते, कसंही वेडंवाकडं चालेल, चुकीचा समज कागदावर लगेच दिसतो.

छोटे शब्द अजिबात सोडू नका. समीर आला, समीरच आला, समीरही आला, समीर आला तरी, या चारही वेळा गोष्ट वेगळी आहे, "समीरच आला" म्हणजे बाकीचे आले नाहीत हे न लिहिताच सांगून झालं. तसंच "आईने मावशीला आपली साडी दिली" आणि "आईने मावशीला तिची साडी दिली". आपली म्हटलं की साडी आईची, तिची म्हटलं की मावशीची नाहीतर आणखी कुणाची. मुलांना हे कोडं म्हणून फार आवडतं, आणि एकदा सवय लागली की मोठ्या धड्यात "तो" आणि "त्याला" कोण ते स्वतः शोधतात.

न लिहिलेलं वाचायला शिकवण्यासाठी मी पानिपतचं पत्र सांगते. १७६१ च्या जानेवारीतलं, नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलेलं सावकारी पत्र, त्यात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये नि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही अशा अर्थाचा मजकूर. दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं असतं तर त्याला पैशाचं नुकसान वाटलं असतं. पण आपली माणसं कुठे लढायला गेलीयत हे ज्याला माहीत होतं त्याला मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव हे फोडून सांगावं लागलं नाही. हे सांगितल्यावर भाच्यानं विचारलं, "मग खुर्दा म्हणजे साधे सैनिक?" आणि जरा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शेवटी अदलाबदल करा. पॅलिन्सर आणि ब्राऊन यांची १९८४ ची पद्धत आहे, वाचलेलं थोडक्यात सांगायचं, त्यावर प्रश्न काढायचा, कळलं नाही ते सोडवायचं, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा, आणि शिक्षक व्हायची पाळी आळीपाळीने. यात प्रश्न काढणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण उत्तर धड्यातून उचलता येतं पण चांगला प्रश्न समजल्याशिवाय सुचत नाही. एका पानाला वीस मिनिटं लागली तर लागू द्या, पानं कमी झाली तरी चालतील.

एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवते. स्वतःच्या शब्दांत लिहिलं म्हणून शाळेत त्याचे मार्क कापले गेले एकदा, पुस्तकातलं वाक्य हवं होतं, तो फार हिरमुसला आणि मलाही खूप वाईट वाटलं. तेव्हापासून घरच्या वहीत दोन्ही लिहितो, पेनाने पुस्तकातलं आणि त्याच्याखाली पेन्सिलीने आपलं. त्या पहिल्या उत्तराखाली पेन्सिलीने लिहिलंय, "म्हणजे पिकाला पाणी द्यायला, कारण लाईट रात्रीची होती."